बार्शी नगरीत आपले स्वागत



श्रीभगवंताच्या या नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. दूरदूरहून आलेले आपण शास्त्रज्ञ आणि डॉक्टर मंडळी कर्करोगाच्या रेणूंविषयी दोन दिवस बोलणार आहात. मी गावाविषयी बोलतो.

मोठ्या रेल्वेच्या वाटेत बार्शी नव्हती. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडीच्या बाजूने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे इथे आणली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. वारकरी त्याच गाडीने गेले, धान्याची पोतीही तिनेच वाहिली.  

वाटेत नसलेल्यांपर्यंत जायचे, हे आमच्या गावाच्या अंगी मुरले आहे. १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथेच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येत नसे, म्हणून कार्यकर्तेच गावोगाव गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगत राहिले. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत, म्हणून या व्यासपीठावरून मी त्यांना नमस्कार करतो.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात सामील झाल्या. टाटा स्मारक आणि आमचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. एका गटात एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी एकदाच झाली, तरी त्या गटात या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. २००९ साली हे जगापुढे आले. तुमची नवी चाचणी मुंबईला पोचेल, तेव्हाच ती भूमलाही पोचावी, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्या राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. एका खोलीत तिघांची सोय करावी लागली, काहींना मंगल कार्यालयात गाद्यांवर झोपावे लागेल. वीज गेली तर जनरेटर आहे. शेंगाचटणी झणझणीत आहे. ज्यांना ती सोसणार नाही त्यांच्यासाठी साधे वरण-भात वेगळे ठेवले आहे, संकोच करू नये. मार्केट यार्डातले अडते आणि हमाल बांधव, डाळमिलवाले, भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, घरातल्या खोल्या मोकळ्या करून देणारे शिक्षक, सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

उद्या सकाळी ७ वाजता खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या दारात उभ्या असतील. येणाऱ्यांनी आज रात्रीच नावे द्यावीत. अध्यक्षांना आसन स्वीकारण्याची विनंती करतो.