दालन उभारण्यापूर्वी

(अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक व कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



बारावीची परीक्षा आटोपली की शहरोशहरी प्रवेश-मेळावे भरू लागतात. अशा मेळाव्यात आपल्या महाविद्यालयाने स्टॉल मांडावयाचे ठरविले आहे. शिक्षणसंस्थेने बाजारात बसावे काय, हा आपल्यापैकी काहींचा आक्षेप मला रास्त वाटतो. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि चारच वर्षांनी, १९८७ साली, देणगीशुल्काला बंदी करणारा कायदा करावा लागला. बाजार आपल्या उंबरठ्याच्या आत केव्हाच आला आहे.

तथापि विद्यार्थ्याच्या दारी जाणे यात कमीपणा नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील खेड्यापाड्यांत हिंडून मुले गोळा करीत. प्रश्न जाण्याचा नाही, काय घेऊन जावयाचे याचा आहे.

म्हणून तयारीचा आरंभ रंगीत फलकांपासून नव्हे, फीच्या हिशेबापासून व्हावा. शिक्षणशुल्क, विकासशुल्क, परीक्षाशुल्क, अनामत, वसतिगृह, खाणावळ असा चार वर्षांचा संपूर्ण खर्च मराठीत, ठळक अक्षरांत दर्शनी भागी लावा. इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. हे अवश्य सांगा. पण खाणावळीचे पैसे त्यात येत नाहीत, हेही त्याच दमात सांगा. घरचे जनावर विकून मुलीला शिकवू पाहणाऱ्या बापाला अर्धे सत्य सांगणे ही फसवणूकच होय. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र कोठे व कसे मिळते, हे समजावणारा कार्यालयातील एक जाणता लिपिक दालनात असलाच पाहिजे. दहा चकचकीत पत्रकांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

दुसरी तयारी आकड्यांची. एका विद्यार्थ्याला मिळालेल्या सर्वांत मोठ्या पगाराचा फलक सगळेच लावतात. आपण असे लिहावे : शेवटच्या वर्षात किती होते, किती उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली, आणि सर्व पगार क्रमाने मांडले तर मधला कोणता. मूल्यांकनाची श्रेणी लावाल तर ती कोणत्या वर्षी मिळाली व तिची मुदत कधी संपते, तेही लिहा.

तिसरी गोष्ट माणसांची. दरडोई दलाली घेणारा मध्यस्थ दालनात नको. तेथे विषय शिकविणारा अध्यापक असावा आणि तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी असावेत. त्यांतील एक खेड्यातून आलेली मुलगी असावी. त्यांना उत्तरे पाठ करून देऊ नका. प्रयोगशाळेत काय मोडले आहे, हे त्यांनी सांगितले तरी चालेल. त्यामुळे ते दुरुस्त तरी होईल.

काही गोष्टी मात्र कदापि करू नयेत. मेळाव्यात ‘जागा राखून ठेवली’ असे कोणालाही सांगू नये. बहुतांश प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात व संस्थास्तरीय जागाही गुणवत्तेनेच भरावयाच्या असतात. कोणाची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच त्यास मनाई केली आहे. मुलांचे दूरध्वनी क्रमांक परक्याच्या हाती देऊ नयेत. आणि एखाद्याचे हित शासकीय महाविद्यालयात वा आयटीआयमध्ये असेल, तर त्याला तो रस्ता दाखवावा.

आपण विचाराल, मग जागा रिकाम्या राहिल्या तर? ही भीती खोटी नाही. जागा रिकाम्या राहिल्या की पहिली कुऱ्हाड शिक्षकाच्या पगारावर पडते. परंतु म्हणूनच प्रवेशांचे उद्दिष्ट शिक्षकाच्या गळ्यात बांधण्याची प्रथा आपण एकजुटीने नाकारली पाहिजे. ज्याचा पगार मुलांच्या डोक्यांवर मोजला जातो, तो खरे बोलण्याचे स्वातंत्र्य गमावतो. व्यवस्थापनाने हे लेखी मान्य करावे आणि मगच दालनाचे भाडे भरावे.

मेळावा संपल्यावर किती जणांनी नावे नोंदविली, एवढेच मोजू नका. ज्यांची उत्तरे आपल्याला देता आली नाहीत असे प्रश्न किती होते, ते मोजा. पुढील वर्षभराच्या कामाची यादी त्यातच सापडेल.