रानातला सुगंध आणि त्याची नावे

आज मी तुमच्याशी रानातल्या वासाच्या वनस्पतींविषयी बोलणार आहे. खरे म्हणजे वनस्पतींपेक्षा त्यांच्या नावांविषयी बोलणार आहे. नावात काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण एक नाव चुकले तर काय होते, ते आधी सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका घाटावरच्या बाईंना कोकणातल्या मैत्रिणीने बांगड्याचे कालवण शिकवले. "तिरफळं ठेचून घाल, मग बघ चव," असे तिने सांगितले. बाईंनी घरी येऊन दुकानातून त्रिफळा चूर्ण आणले, आणि दोन चमचे कालवणात घातले! पुढची हकीकत सांगायला नकोच. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तिरफळाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्याचे झाड निराळे. खोडावर जाड, टोकदार काटे असतात. फळ वाळून उकलले की आतली काळी चकचकीत बी टाकून द्यायची आणि साल ठेवायची. जिभेला झिणझिण्या आणणारा वास असतो तो त्या सालीत. इथे घोटाळा कालवणावर निभावला. औषधात झाला असता तर?

नावांचे घोटाळे दोन तऱ्हेचे. एका झाडाला दहा नावे, हा पहिला. निर्गुडीच घ्या. कुठे ती निगड, कुठे निगडी. पण मुरगळलेल्या पायाला पाला गरम करून बांधायचा, बाळंतिणीच्या न्हाणाच्या पाण्यात टाकायचा, धान्याच्या कणगीत पसरायचा, या रीती पुष्कळ गावांतून सारख्याच. दुसरा घोटाळा अधिक वाईट. एकच नाव, झाडे दोन. 'रानतुळस' म्हणून कोणी खऱ्या तुळशीच्या जवळचे झुडूप दाखवतो, तर कोणी रस्त्याकडेला माजलेले, उग्र वासाचे, मूळ अमेरिकेहून आलेले तण दाखवतो. म्हणून 'रानतुळशीचा काढा घ्या' एवढे ऐकून कोणी काढा करू नये. कोणती रानतुळस, ते आधी विचारावे.

पण लोकांची नावे म्हणजे नुसता गोंधळ, असे मात्र समजू नका. उलट कित्येकदा ती पुस्तकाच्या पुढे असतात. याचे मोठे सुंदर उदाहरण खानदेशात सापडते. आजच्या धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत रोशा गवत उगवते. कोणी त्याला तिखाडी म्हणतात. जुन्या संस्कृत ग्रंथांत ते रोहिष. पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेरच्या बाजूला याचे तेल काढण्याच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत. गवत फुलावर आले की कापायचे, भांड्यात पाण्याबरोबर उकळायचे, वाफ बांबूच्या नळीतून ओढ्यात बुडवलेल्या भांड्यात न्यायची. थंड झाली की पाण्यावर तेल तरंगते. ते मुंबईच्या बंदरातून थेट तुर्कस्तानपर्यंत जाई, आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई!

आता यातली मौज पाहा. गवत कापणारे लोक या रोशाच्या दोन जाती मानत. एक मोतिया, दुसरी सोफिया. दिसायला दोन्ही इतक्या सारख्या, की वनस्पतिशास्त्राने दोघांना एकाच लॅटिन नावाखाली बसवले. पण कापणारा माणूस म्हणे, मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर असतो, सोफिया खाली ओलसर, दाट जागी. आणि वासाला मोतियाच खरा. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तेले तपासली. मोतियाच्या तेलात गुलाबी वासाचे जिरॅनिऑल नावाचे द्रव्य शेकडा 75 ते 90 भरले. सोफियात ते पुष्कळच कमी. जे प्रयोगशाळेला मागाहून कळले, ते लोकांच्या नाकाला आधीच ठाऊक होते, आणि त्यांनी ते दोन नावांत जपून ठेवले होते. ती नावे कोणी विचारली नसती, तर तो फरकही हरवला असता.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पटले ते निराळ्या रीतीने. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मी डोंगरात गेलो होतो. मुलांनी गवताची एक जुडी आणून तिला झोकात लॅटिन नाव दिले. जवळच मोळी बांधणारी एक म्हातारी होती. तिने जुडी हाती घेतली, दोन पाती चुरगळून हुंगली आणि जुडीचे दोन भाग केले. "हे वरचं हाय बाबा, आन् हे खालचं. एकात नका बांधू." मुले हसली नाहीत. मीही गप्प झालो. तिच्या घरात ही विद्या पुढे कोण घेणार, असे मी विचारले. ती म्हणाली, "पोरं शाळेत जात्यात. त्यान्ला कोन इचारतंय गवताचं?"

शिक्षकमित्रांनो, हा प्रश्न तिने तुम्हां-आम्हांलाच विचारला आहे. शाळेत गेल्यामुळे मुलाची विद्या वाढावी. घरची होती ती जावी, असे होता कामा नये. म्हणून एक काम सुचवतो. प्रत्येक मुलाने आजीला किंवा गुराख्याला विचारून एका वासाच्या झाडाची नोंद आणावी. गावातले नाव, वास पानाला की मुळाला, कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळते, कशासाठी वापरतात. शेजारी वाळवलेली डहाळी चिकटवावी, म्हणजे नावाचा घोटाळा उरत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या मुलांची वही तिला मोठा आधार होईल.

मात्र दोन पथ्ये पाळा. नोंद म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. पोटात घेण्यापूर्वी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावेच. आणि नमुना घेताना मुळासकट उपटू नका. वाळ्याचेच बघा. उन्हाळ्यात माठातले पाणी सुगंधी करणारी त्याची मुळे ओढ्याचा काठही धरून ठेवतात. सगळा वाळा खणून काढला, तर पुढच्या पावसात काठ वाहून जायचा.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पाला हातात द्या आणि विचारा, "आजी, याला आपल्यात काय म्हणतात?" ती आधी पाला हुंगेल, मग सांगेल. ते नाव तेवढे लिहून ठेवा.