कार्डावरची नोंद शिकणाऱ्याच्या हाती



आज एकाच विषयावर बोलणार आहे.

गार्मिन जी१००० बसवलेलं सेसना १७२ आपल्यापैकी अनेक उड्डाण प्रशिक्षकांच्या रोजच्या हाताखालचं विमान. त्याच्या उजव्या पडद्याच्या वरच्या खाचेत कार्ड घातलं, की वेग, उंची, कल, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, सिलिंडरचं तापमान यांची नोंद दर सेकंदाला होत राहते. ती आपण उघडतो केव्हा? बहुधा काही विपरीत घडल्यावर. २७,००० किलोंहून जड विमानं चालवणाऱ्या कंपन्यांवर उड्डाणांच्या नोंदी नियमित तपासण्याचं आंतरराष्ट्रीय बंधन आहे. आपलं १७२ पूर्ण भारासह जेमतेम ११५७ किलोंचं. पण उद्या ती जड विमानं चालवणारी मुलं आज इथेच सवयी लावून घेत आहेत.

एका सवयीचं उदाहरण घ्या. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात, बेसवरून फायनलला वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, की शिकणारा घाईने कल वाढवतो. उंची राखून ४५ अंशांचा कल घेतला तर पंखांची उचल तुटण्याचा, म्हणजे स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. आणि तिथे सावरायला खाली उंचीच नसते. बहुतेक वेळा काहीच होत नाही. विमान नीट उतरतं, मुलगा खूश होतो आणि चुकीची सवय पक्की होते. आपण शेजारी असताना तो असं करणारही नाही. करेल तो सोलोत, म्हणजे नेमकं आपण नसताना. तेव्हा त्याच्यासोबत असते ती फक्त ही नोंद.

तिच्यावर आंधळा विश्वासही नको. चाकं टेकतानाचा धक्का सेकंदाच्या छोट्याशा भागात येऊन जातो, सेकंदाला एकदा होणाऱ्या नोंदीत तो निसटू शकतो. म्हणून आकडा सौम्य दिसला तरी लँडिंग जड वाटलं असेल, तर विमान तपासायलाच हवं. इंजिनाचं मात्र ती छान सांगते. एकाच सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान संथ लयीत वरखाली होऊ लागलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू लागल्याची ती खूण असू शकते. तंत्रज्ञांना हे आलेख रोज मिळाले पाहिजेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपल्या शिकाऊ विमानांच्या नोंदी अभ्यासल्या. हलक्या विमानांच्या नोंदींचं राष्ट्रीय भांडारही तिथेच उभं राहिलं. वैमानिक या भांडाराला स्वेच्छेने नोंदी देतात. ही स्वेच्छा मला यंत्रापेक्षा मोलाची वाटते. कारण नोंदीवरून एका मुलाला सर्वांसमोर झापलं, की दुसऱ्या दिवशी दहा विमानांतली कार्डं खाचेत नसतील. आणि त्या मुलांना दोष देण्याचा हक्क आपल्याला नसेल.

म्हणून ठरावाचा मसुदा मांडतो आहे. सोलोची नोंद त्याच दिवशी विद्यार्थ्याने आधी स्वतः पाहावी, मग प्रशिक्षकासोबत. प्रशिक्षण संस्थेकडे जाताना नोंदीवरचं नाव काढलेलं असावं. त्या नोंदीच्या आधारे विद्यार्थ्याला दंड होणार नाही. जाणूनबुजून नियम मोडल्याची चौकशी स्वतंत्र राहील. दंड न करण्याच्या कलमाला काही संस्थाचालकांचा विरोध आहे, हे मला ठाऊक आहे. ते कलम गाळून ठराव मंजूर करण्यापेक्षा आज मंजूर न झालेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारच्या सत्रात यावर मोकळेपणाने बोला.