वाऱ्यावरचा आरोप



आरेच्या झाडीकडून येणारा वारा दिंडोशीकरांच्या परिचयाचा आहे. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असले की वडीलधारी मंडळी 'हवापालट' सुचवीत. रोग हवेतून येतो, ही समजूत अशी भाषेतच मुरलेली आहे.

गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या साथीला चरकसंहितेत 'जनपदोध्वंस' म्हटले असून वायू, जल, भूमी आणि काल यांच्या बिघाडात तिचे कारण शोधले आहे. स्पर्श, सहभोजन, सहशयन यांच्याबरोबरच रुग्णाच्या निःश्वासानेही रोग संक्रमित होतात, असे सुश्रुतसंहिता सांगते. हा वारसा अभिमानास्पदच. पण त्यातून जंतुशास्त्र ओढून काढण्याचे कारण नाही. निरीक्षण मार्मिक होते, प्रयोगाची कसोटी पुढेच लागायची होती.

युरोपातही कुजकी हवा हेच साथीचे मूळ मानले जाई. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि संशय दाट वस्तीतल्या कोंदट हवेवरही गेला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा आत खेळावा म्हणून त्याने वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. त्याच १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवेला गुन्हेगार ठरविले. फुप्फुसाचा प्लेग वगळता वारा निर्दोष होता!

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतील चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये हवेतून होणारा संसर्ग जवळपास निकालात काढला. स्पर्श आणि जवळून उडणारे थेंब एवढेच पुरेसे मानले गेले. याला छेद दिला तो वेल्स आणि रायली यांनी. १९५० च्या दशकाअखेर बाल्टिमोरच्या रुग्णालयात त्यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळीवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे सोडली. प्राण्यांना क्षय झाला. अतिनील किरणांतून नेलेल्या हवेतले मात्र बचावले.

पुरावा इतका स्वच्छ असूनही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगितले. घरोघरी भाजी धुतली गेली, खिडक्या मात्र बंदच राहिल्या. २०२१ मध्ये संघटनेला भूमिका बदलावी लागली.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या वाऱ्याने प्लेगची पिसू हटली नसेल. कोंदलेल्या खोलीतला क्षयाचा जंतू मात्र खेळत्या हवेने खरोखरच विरळ होतो. म्हणून पुनर्विकासाचा नकाशा सोसायटीपुढे येईल, तेव्हा चटईक्षेत्राइतक्याच आस्थेने दोन इमारतींमधले अंतर आणि स्वयंपाकघराची खिडकी कोठे उघडते, हेही विचारावे.