घरची मोटार, कचेरीचे काम

स्वतःची मोटार कचेरीच्या कामी लावणारे पुष्कळ गृहस्थ पेट्रोलच्या पावत्या तेवढ्या जपतात. परंतु त्याच पेट्रोलवर रविवारी कुटुंब देवदर्शनासही जाऊन येते; मग पावतीवरून कचेरीचा वाटा ठरावा कसा? भारताच्या 1962 च्या आयकर नियमांनीही, ठरीव रकमेहून अधिक भरपाई करमुक्त मानण्यासाठी, प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर व खर्च यांची नोंद मागितली होती.

टाकी काठोकाठ भरून अंतरमापकाचा आकडा टिपावा. पुन्हा काठोकाठ भरताना वजाबाकी करावी. समजा, 450 किलोमीटरांस 30 लिटर लागले, म्हणजे लिटरला 15 पडले. 105 रुपये भावाने किलोमीटरला 7 रुपये. टायर, विमा आणि यंत्राची झीज निराळीच, व ती न मागितल्यास नोकरदाराच्याच खिशातून जाते. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली वही तर हिशेबनीस बहुधा पाहताक्षणी ओळखतो. आकडा निघताना व पोचताना, तिथल्या तिथे टिपावा.