ठासणीच्या बंदुकांच्या जुन्या नळ्या व त्यांची निगा



देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे गाभाऱ्यामागची खोली, सभामंडपाचा माळा, पुजाऱ्याच्या घरचा कोनाडा हे सारे एकदा रिकामे होते. समया, तडा गेलेली घंटा, पालखीचे दांडे यांच्या जोडीला एखाद्या गावात तीन-चार हात लांबीची लोखंडी नळीही निघते. दस्ता वाळवीने खाल्लेला, अंगावर शेंदराचा थर. दसऱ्याला तिची पूजा होते, यापलीकडे फारशी माहिती कोणाला नसते. मग कोणी म्हणतो भंगारात घाला. कोणी म्हणतो चंदेरी रंग मारून दर्शनी भिंतीत बसवा. आणि एखादा हौशी तरुण म्हणतो, लोहाराकडून साफ करून घेऊ आणि कलशारोहणाच्या दिवशी बार काढू. या तिन्ही गोष्टी होऊ नयेत, आणि तिसरी तर मुळीच होऊ नये, यासाठी हे चार शब्द.

खानदेशात अशा नळ्या आल्या कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. थाळनेर व बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची ठाणी. 1601 मध्ये असीरगड पडला आणि हा मुलूख अकबराच्या राज्यात गेला. त्या अकबराच्या कारखान्यातील बंदुकांचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या दोन कडा जोडीत आणि नळी करीत. अशी नळी सांध्यावर फुटे. अकबराच्या काळी पत्रा तिरपा पिळत, वेढ्यावर वेढा चढवीत नळी घडवू लागले. नळ्या आतून साफ करण्यासाठी एक चाक होते. त्याला जनावर जुंपले की सोळा नळ्या एकदम साफ होत. चारशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आहे, हे वाचून आजच्या कारखान्यातील माणसानेही मान डोलवावी.

पुढे मराठेशाहीच्या अखेरीस गढ्यागढ्यांवर अरबांच्या शिबंद्या बसल्या. फेब्रुवारी 1818 मध्ये जनरल हिस्लॉपच्या फौजेपुढे थाळनेर पडले, किल्लेदाराला फाशी झाली आणि शिबंदीची कत्तल झाली. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजांना महिनाभर झुंजवले. 1825 मध्ये औट्रम साहेबाने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तेव्हा कंपनीच्या बंदुका या भागात आल्या. 1857-58 मध्ये खाज्या नाईकाच्या लोकांनी सातपुड्यात इंग्रजांना सळो की पळो केले. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर शस्त्रबंदी आली आणि 1878 च्या कायद्याने ती पक्की झाली. ज्याच्याकडे जे होते ते कोणी जमा केले, कोणी धाब्यात पुरले, कोणी देवाच्या पायाशी ठेवले. देवाच्या पायाशी ठेवलेले टिकण्याचा संभव त्यातल्या त्यात अधिक.

नळी कोणत्या जातीची, हे थोड्या निरीक्षणाने कळते. तोड्याच्या बंदुकीच्या नळीला मागच्या बाजूस उजवीकडे एक छोटी वाटी असते व तिच्या तळाशी बारीक भोक. वाटीत रंजक घालायची, पेटता तोडा तिला लागला की भोकावाटे आग आतल्या दारूला पोचायची. चकमकीच्या बंदुकीत तोड्याची जागा गारेने घेतली. टोपीच्या बंदुकीत भोकाच्या जागी एक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची टोपी बसे आणि घोडा पडला की ठिणगी होई. 1840 नंतर कित्येक चकमकीच्या बंदुका अशा टोपीवर आणल्या गेल्या, म्हणून एकाच नळीवर दोन काळांच्या खुणा आढळतात. नळीवर इंग्रजी शिक्के असतील तर ती विलायतेची. बर्मिंगहॅमला 1813 मध्ये कायद्याने परीक्षाघर स्थापन झाले; तेथे नळीत जादा दारू भरून बार काढीत आणि टिकलेल्या नळीवरच शिक्का मारीत. वरणगावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून काडतुसे तयार होत आली, त्यामुळे जळगावकडे काडतूस ही वस्तू घराघरांत ऐकून ठाऊक आहे. या नळ्यांना मात्र काडतूस ठाऊक नाही. दारू, बोळा आणि गोळी, सारे तोंडातूनच गजाने ठासायचे.

आणि येथेच खरा धोका आहे. ठासलेली बंदूक उडवली नाही तर ती रिकामी करणे कटकटीचे, म्हणून पुष्कळ लोक तशीच ठेवून देत. 1863 मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या, त्यांतील सुमारे चोवीस हजार भरलेल्या निघाल्या, कित्येकांत तर एकावर एक दोन-दोन बार. आपल्या माळ्यावरच्या नळीतही आजोबा-पणजोबांच्या हातची दारू असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही मरत नाही. म्हणून जाणता बंदूक-कारागीर नळी हातात आली की गंजाकडे पाहत नाही. तो तिचे तोंड माणसांपासून दूर करतो, एक लाकडी काठी अलगद आत सोडतो, ती टेकली की तोंडापाशी खूण करतो, आणि मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहतो. काठीचे टोक रंजकाच्या भोकापाशी पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे राहिले तर आत काहीतरी आहे. ते काही म्हणजे कुंभारमाशीचे घर असेल किंवा भरलेला बार असेल. कळेपर्यंत बारच समजायचा. अशा नळीला आच, हातोडा, वेल्डिंग यांपैकी काहीही लागता कामा नये. घरच्या माणसाने येथेच थांबावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की मग सफाई. यात लोकांची पहिली चूक ग्राइंडरची. चकचकीत नळी पाहून देणगीदार खूश होतात हे खरे. परंतु त्या चकाकीबरोबर वेढ्यांची नक्षी, सोन्याचांदीची कोफ्तगिरी, शिलेखान्याचा आकडा, एखादे फारसी वा बाळबोध अक्षर हेही भुग्यात जाते. मग उरतो तो पाण्याच्या पाइपासारखा एक तुकडा. चांगला कारागीर नळी कित्येक दिवस तेलात किंवा रॉकेलमध्ये भिजत ठेवतो आणि सुटलेला तांबडा गंज मऊ पितळी कुंच्याने व चिंध्यांनी काढतो. घट्ट बसलेल्या काळपट थराला तो हात लावीत नाही, कारण तो थर खालच्या लोखंडाचे रक्षण करतो. उरलेल्या तांबड्या गंजासाठी रिकामी नळी साध्या स्वच्छ पाण्यात उकळण्याची रीत आहे. तांबडा गंज काळा होतो व पुढे खात नाही. त्यानंतर कोरडी करून तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात. बुडाचा डाट हलत नसेल तर तो जोर लावीत नाही. काही देशी नळ्यांचे बूड पेचाचे नसून तापवून ठोकलेले असते, आणि पाना लावून ते फिरवू पाहणारा नळीच मोडतो.

शेंदराविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. जुना शेंदूर म्हणजे शिशाची भस्मी. लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून जो तांबडा हात देत असत, तोही शिशाचाच. तेव्हा तेल-शेंदराने माखलेल्या नळीचे लोखंड आत पुष्कळदा शाबूत निघते. आजीबाईंनी भक्तीने केले ते रसायनशास्त्रालाही मान्य. तो शेंदूर कोरडा खरवडू मात्र नये. शिशाची धूळ विषारी असते आणि लहान मुलांना फार बाधते. नारळाचे पाणी, दूध, दही, हळदीचे ओले बोट हे मात्र लोखंडाचे वैरी. पूजा कोरड्या अक्षतांनी आणि फुलांनी करावी आणि फुले त्याच दिवशी काढून घ्यावीत.

आता बार काढण्याच्या हौसेविषयी. नळी बाहेरून कितीही सुरेख झाली तरी आतला सांधा कोठे उसवला आहे, जळक्या दारूच्या ओलीने कोठे खड्डे पडले आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. ती फुटते तेव्हा बहुधा मागच्या अंगाला, म्हणजे उडविणाऱ्याच्या तोंडाशी फुटते. परदेशी हौशी लोक जुन्या नळीत नवी पोलादी नळी बसवून घेतात व पुन्हा परीक्षा करवून मगच बार काढतात. आपल्या देवळाला त्याची गरज काय?

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून गावचा लोहार कितीही कसबी असला तरी त्याच्यावर हे काम लादू नये, उगाच त्या गरिबाच्या गळ्यात खटला पडायचा. जुनाट किंवा मोडके शस्त्र परवान्यातून सुटते ते केव्हा? दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तेव्हा. नुसता दस्ता गेला आणि नळी शाबूत आहे, एवढ्यावर सूट मिळत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नळी 1972 च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते आणि ती देशाबाहेर विकणे गुन्हा आहे. मुंबईचा कोणी व्यापारी चांगली किंमत देतो म्हणाला, तरी विश्वस्तांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा क्रम असा असावा. नळी जेथे सापडली तेथेच तिचे छायाचित्र घ्यावे. पंचांच्या सहीने लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. परवानाधारक कारागिराने ती तपासावी, साफ करावी आणि ती चालण्याजोगी नाही असे आढळल्यास तसे लिहून द्यावे. नंतर ती भिंतीत सिमेंटने चिणू नये. सिमेंटची ओल दोन पावसाळ्यांत तिला खाईल. कापड गुंडाळलेल्या दोन सागवानी खुंट्यांवर आडवी ठेवावी, दसऱ्याच्या आधी तेलाचा बोळा फिरवावा. देवस्थानच्या नोंदवहीत तिची लांबी, तोंडाचा व्यास, अंगावरची अक्षरे जशी दिसतात तशी, आणि ती कोणाच्या घराण्यातून आली याविषयी गावातील वृद्ध जे सांगतील ते, सांगणाराच्या नावासह लिहून ठेवावे.