गुलालाच्या आधी हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बारामती-इंदापूरकडचा माणूस बोलायला उभा राहिला की कापूस-ज्वारीच्या मुलखात लोक म्हणतात, "तुम्हाला काय कमी? तुमच्याकडे कालवे, कारखाने, ऊस." म्हणून आधीच सांगतो, बारामती एक नाही, दोन आहेत. एक नीरा डाव्या कालव्याखालची. दुसरी सुपे, मोरगाव, लोणी भापकर बाजूची, जिरायत. इंदापुरातही तेच. एका अंगाला उजनीचे पाणी डोळ्यांना दिसते आणि कालव्याच्या शेपटाकडची बावीस गावे दर निवडणुकीला पाण्याचे आश्वासन पिऊन झोपतात. आम्ही त्या दुसऱ्या बाजूचे. शाळू पेरणारे आणि दोन-चार गाईंच्या दुधावर चूल पेटवणारे.

आज आम्ही तुम्हाला आमच्या शहाणपणाची नाही, आमच्या खुळेपणाची गोष्ट सांगणार आहोत.

2014 ची लोकसभा. महायुतीने बारामतीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाला सोडली आणि महादेव जानकरांचे नाव जाहीर झाले. माण तालुक्यातला, आमच्यासारख्याच कोरड्या रानातला माणूस. घरदार केले नाही, पैसा नाही, साखर कारखाना नाही. 2009 मध्ये माढ्यात थेट शरद पवारांच्या विरोधात उभे राहून लाखाच्या जवळपास मते घेतलेला. नाव जाहीर झाले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. 1996 पासून हा मतदारसंघ एकाच घराकडे. त्याआधी 1977 ला आणि 1985 च्या पोटनिवडणुकीत संभाजीराव काकडे निवडून आले होते, त्या गोष्टी म्हातारी माणसे पारावर सांगायची. आम्हाला वाटले, आता आपली पाळी.

आम्ही काय नाही केले? वर्गणी काढली. पदरचे पेट्रोल घालून मोटारसायकली फिरवल्या. घरून भाकरी बांधून नेली, कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली होती. आमच्यातल्या काहींचा शाळू काळा पडला होता. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे सोडून आम्ही झेंड्यांना काठ्या शोधत होतो. घरची माणसे बोलली, ते आम्ही हसण्यावारी नेले.

16 मे रोजी निकाल लागला. सुप्रिया सुळे 5 लाख 21 हजार 562, जानकर 4 लाख 51 हजार 843. फरक 69 हजार 719. आधीच्या निवडणुकीत हाच फरक तीन लाखांच्या वर होता. हरलो, पण मान ताठ करून घरी आलो. त्याचा पश्चात्ताप आम्हाला आजही नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. जुलै 2016 मध्ये जानकर राज्यात मंत्री झाले. खाते कोणते? पशुसंवर्धन आणि दुग्धविकास! आम्ही पेढे वाटले. आपला माणूस आणि आपलेच खाते. जून 2017 च्या शेतकरी संपानंतर गाईच्या दुधाचा दर 27 रुपये जाहीर झाला. वर्षभरात गावोगावच्या संकलनावर प्रत्यक्ष हातात 17-18 रुपये पडू लागले. दुधाच्या पावडरीचे साठे पडून होते, जगात भाव उतरले होते. जुलै 2018 मध्ये शेतकऱ्याला दूध रस्त्यावर ओतावे लागले, तेव्हा कुठे लिटरला पाच रुपये अनुदान आणि 25 रुपये दर ठरला.

त्या दिवसांत आमच्यातल्या एकाच्या घरी आम्ही बसलो होतो. तावातावाने बोलणे चालले होते. गोठ्यातून त्याची आई आली आणि एकच विचारती झाली, "मतं मागत फिरत होता, तवा त्याला दुधाचं काही विचारलं होतं का रे तुम्ही?"

सगळे गप्प. भावांनो, आम्ही विचारले नव्हते! दुधाचे नाही, शाळूचे नाही, चाऱ्याचे नाही. माणूस आवडला, एवढेच आम्हाला पुरे होते. मंत्र्याला दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो, पण ज्याने वचन मागितलेच नाही, त्याने वचन मोडल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

2024 मध्ये पुन्हा तोच उत्साह. या वेळी एकाच घरातल्या दोन उमेदवार, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. 1 लाख 58 हजार 333 च्या फरकाने निकाल लागला. विधानसभेला पुन्हा काका-पुतणे समोरासमोर. त्यांच्या घरातली भांडणे आमच्या घरांत शिरली. भावाभावांनी बोलणे टाकले. इंदापुरात 2019 ला दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील यांच्यात 3 हजार 110 मतांचा फरक होता. 2024 ला दोघे पुन्हा समोरासमोर, पण पक्ष बदललेले. झेंडे बदलले, शेपटाच्या गावांचा पाण्याचा प्रश्न तोच. 2021 मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी द्यायचा आदेश निघाला, सोलापूरकर उठले आणि महिनाभरात आदेश रद्द झाला. त्यात शेतकरी शेतकऱ्याच्या समोर उभा राहिला, दुसरे काय झाले?

आता तुमचे बघा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी तुमची वेचणी आणि विक्री चालू असताना! 2024 ला तुम्ही ज्याला खांद्यावर घेऊन नाचलात, त्याने यावर तोंड उघडले का? आणि त्याच्याही आधी, तुम्ही त्याला विचारले होते का, की बाहेरचा कापूस आला तर तू कोणत्या बाजूला उभा राहशील?

उमेदवार आवडू नये असे आमचे म्हणणे नाही. आवड नसेल तर माणूस मतदानालाही जाणार नाही. पण जनावर घेतानाही आपण दात बघतो, चालवून बघतो, दुधाला बसून बघतो. शिंगे रंगवलीत म्हणून पैसे मोजत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नाव जाहीर झाले की पहिल्या दिवशी हार नेऊ नका, कागद न्या. त्यावर तीन गोष्टी लिहा. आमचा माल बाजारात असताना आयात उघडली, निर्यात अडवली, तर पक्षाच्या विरोधात बोलशील का? सरकारने हमीभाव जाहीर केला आणि बाजार त्याखाली गेला, तर खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडून देशील? आमच्या गावाला पाणी कुठून, किती आणि कोणाचे न तोडता आणशील? गावासमोर वाचा, त्याची सही घ्या आणि तो कागद पाच वर्षे जपून ठेवा. सही करणार नाही त्याला नमस्कार करून पुढे पाठवा, मग तो आपल्या जातीचा असो, पाहुण्यातला असो की मनातला असो.

आम्ही हे बारा वर्षे उशिरा शिकलो. तुम्ही आजच शिका. गुलाल कोठे पळून जात नाही, तो निकालाच्या दिवशीही मिळतो.